तुडुमाचं तिसरं भोक

एखाद्या शाळेत बोलावलं की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर, तुम्हाला भीती नाही वाटत? माझंही उत्तर ठरलेलं आहे. सराव असतो, यंत्रांवर विश्वास असतो, सोबती चांगले असतात, वगैरे. उत्तर खोटं नाही, पण गुळमुळीत आहे. वीस वर्षं लढाऊ विमानं उडवली. त्यातली निम्मी वर्षं चाचणी वैमानिक म्हणून, म्हणजे ज्या विमानावर अजून कुणाचाच भरवसा बसलेला नाही ते घेऊन वर जायचं. आता अंतराळवीरांच्या तुकडीत आहे. एवढ्या सगळ्यात माझे पाय खरोखर लटपटले ते जमिनीवर, भंडारा जिल्ह्यातल्या माझ्या गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर. चपला हातात होत्या, खिशात मोबाइल वाजत होता, आणि फोन कुणाचा आहे हे मला न पाहताच कळलं होतं.

त्या फोनच्या आधी चार सेकंद येतात. ते आधी सांगतो.

चाचणी वैमानिक म्हटलं की लोकांना कसरती आठवतात. प्रत्यक्षात हे काम बरंचसं कारकुनी आहे. कागदावर ठरवून दिलेली एकेक हालचाल करायची आणि खाली उतरून काय झालं ते सांगायचं. विमानातली यंत्रं आकडे टिपतात, पण हाताला काय जाणवलं, पोटात काय झालं, हे आत बसलेल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक नसतं. खरं तर पगार त्या सांगण्याचाच मिळतो. विमान उडवणारे पुष्कळ असतात.

त्या दिवशी खूप उंचावरून वेगाने खाली यायचं आणि मग नाक वर करून एकदम चढायचं, असं ठरलं होतं. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. सर्दी असताना उडायचं नाही, हा नियम पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतो. पण ते उड्डाण आधीच दोनदा पुढे गेलं होतं, सगळे वैतागले होते, सर्वांत जास्त मी. नाक शिंकरलं आणि गेलो.

खाली येणं नीट झालं. वर चढताना डावा कान गच्च बसून राहिला. मग आत कुठेतरी चट्ट झालं आणि सगळं जग उजवीकडे कलंडलं. विमान उजवीकडे कोसळतंय याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नव्हती. मी स्टिक डावीकडे लोटली. समोरचं यंत्र सांगत होतं की विमान सरळ होतं, आणि आता मीच त्याला डावीकडे पाडतोय. यंत्राचं ऐकायचं हे हाडामासात भिनलेलं असतं, तरी मी उशिरा ऐकलं. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चार सेकंदांनी कान मोकळा झाला आणि जग जागेवर आलं. मी उरलेलं उड्डाण पूर्ण केलं आणि व्यवस्थित उतरलो.

खाली नेहमीची खोली, नेहमीचं लांब टेबल. पडद्यावर माझे चार सेकंद रेघांमध्ये उमटलेले होते. प्रमुख अभियंत्यांनी पेन तिथे टेकवलं आणि विचारलं, "इथं काय झालं?"

अंतराळवीरांच्या निवडीत मी शेवटच्या यादीत होतो. शेवटची वैद्यकीय तपासणी बारा दिवसांवर आली होती. 'चक्कर' हा शब्द मी त्या खोलीत उच्चारला असता तर त्याच संध्याकाळी माझं उडणं बंद झालं असतं. मग कानाच्या तपासण्या, त्यात जाणारे महिने, आणि तोवर माझ्या जागी दुसरा. हे सगळं माझ्या डोक्यात पेन टेकवण्याआधीच फिरून झालं होतं.

"स्टिक हातात सैल वाटली," मी म्हणालो.

एवढंच वाक्य. सगळ्यांनी ते लिहून घेतलं. स्टिकची यंत्रणा जिने जुळवली होती ती तरुण अभियंता माझ्या समोरच बसली होती. तिने वहीचं पान उलटलं, परत उलटलं, आणि काहीच लिहिलं नाही. यंत्रणा उघडून पाहायची ठरली. त्यात काही सापडलं नाही तर सोमवारी तेच उड्डाण पुन्हा करायचं, या वेळी कमी उंचीवर आणि जास्त जोराने, म्हणजे दोष असेल तर तो बाहेर पडेल. उडवणार होता माझ्या हाताखाली तयार झालेला एक वैमानिक. नसलेला दोष शोधायला तो जमिनीच्या जवळ ते विमान झुंजवणार होता, आणि हे माझ्या एका वाक्याने ठरवलं होतं. मी चार दिवसांची रजा टाकली आणि गावी निघालो. बायकोला सांगितलं, आईबाबांना भेटून येतो.

नागपूरहून बस भंडाऱ्याकडे निघाली की वाटेत जवाहरनगरचा फाटा लागतो. अकरावी-बारावीला मी तिथे मामाच्या क्वार्टरमध्ये राहिलो. मामा कारखान्याच्या बसने कामाला जायचा आणि मी त्याच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसायचो. मी तिथे जितका अभ्यास केला तितका त्या वसाहतीत कुणी केला नसेल, आणि तो मी बुद्धीच्या जोरावर केला नाही, रागाच्या जोरावर केला. माझ्या गावाने माझ्या बापाचा अपमान केला होता.

बाबा गावचे पाणकर होते. ज्यांना आमच्याकडची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. दिघोरीच्या बाजूला आमचं गाव. सगळा धानाचा मुलूख, आणि धान तलावाच्या पाण्यावर. तलावाच्या पाळीला आतल्या अंगाने एक दगडी बांधकाम असतं, त्याला तुडुम म्हणतात. त्यात एकाखाली एक भोकं, प्रत्येकाला लाकडी दट्ट्या. पाणी द्यायचं तर दट्ट्या काढायचा, थांबवायचं तर बसवायचा. वरची भोकं हाताला लागतात, पण खालच्यांसाठी बुडी मारावी लागते. ती बुडी पाणकर मारतो. कंबरेला दोर, दोराचं टोक पाळीवरच्या माणसाच्या हातात. कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, कधी आणि किती पाणी, हे सगळं पाणकराच्या त्या बुडीवर चालतं.

पाणकर वर आला की पाळीवरचे लोक ओरडून विचारतात, "कोनतं?" त्याने तोंड पुसायच्या आधी, श्वास घ्यायच्या आधी सांगायचं: कोणतं भोक आणि काय झालं. "दुसरं, निघाला!" किंवा "तिसरं, बसला!" पाळीवरचा माणूस तेच जोरात म्हणतो, पाटावरचा त्याचं ऐकून पुढे म्हणतो, आणि तो शब्द असा तोंडोतोंडी शेवटच्या बांधीपर्यंत जातो. कुणी खाली उतरून खात्री करत नाही. गढूळ पाण्यात काय झालं हे ज्याने बुडी मारली त्यालाच माहीत, म्हणून त्याचा शब्द शेवटचा. दट्ट्या नाही बसला तर "नाही बसला" म्हणायचं, त्यात लाज कसली. मग दुसरा उतरतो. बाबांनी बावीस वर्षं हे काम केलं आणि त्यांनी "नाही बसला" म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला त्याचा फार अभिमान होता.

तेरा वर्षांचा असताना मी हट्ट करून एकदा तिसऱ्या भोकापर्यंत उतरलो होतो. दट्ट्याला हात लावला आणि वर निघालो, तेवढ्यात डाव्या कानात चट्ट झालं आणि वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी जीव तोडून हात मारत होतो ते तळाच्या दिशेने. बाबांनी दोर खेचून मला बाहेर काढलं. लोकांनी विचारलं काय झालं, तर मी म्हणालो, पाय घसरला. बाबा दोर गुंडाळत राहिले. पुढे हवाई दलाच्या भरतीच्या वेळी अर्जात प्रश्न होता: कधी चक्कर, कानाचा त्रास? मी बेधडक 'नाही' लिहिलं. तोवर मला माझा पाय खरंच घसरला होता असं वाटू लागलं होतं.

मी बारावीत असताना आईचा मामाच्या शेजाऱ्यांकडे फोन आला: बाबांची पाणकरी गेली. "गावानं काढलं," एवढंच ती म्हणाली. त्यांच्या जागी नेमला पाटावर राखण करणारा माणूस, बाबांच्याच वयाचा. मी मनाशी सगळं जुळवून टाकलं: यानेच कान भरले असणार, जागा हवी असणार. त्या दिवसापासून मी त्या माणसाशी बोललो नाही. पंचवीस वर्षं. या प्रसंगाच्या दोन वर्षं आधी मला पदक मिळालं तेव्हा गावाने सत्कार ठरवला, मी सरळ नाही कळवलं. तरी त्यांनी वेशीवर माझा फोटो असलेला फलक लावला. या वेळी बसमधून उतरलो तेव्हा तो उन्हाने विटलेला, एका कोपऱ्यातून सुटलेला दिसला. त्याच्याखाली नेमका तोच म्हातारा बसला होता. त्याने हात जोडले. मी मान वळवून पुढे निघालो, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

धान निसवायला आलं होतं, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याचे दिवस. या दिवसांत पाणी चुकलं तर दाणा भरत नाही. आईने पातोडीची भाजी केली, मी जेवलो, चव लागली नाही. दुसऱ्या दिवशी शनिवार. बाबा सकाळी तलावाकडे निघाले तसा मीही त्यांच्यासोबत गेलो. पाणकरी जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते रोज पाळीवर फेरी मारतात. आता तुडुमाला लोखंडी दार आहे आणि ते चाक फिरवून उघडतं, बुडी मारावी लागत नाही. पाळीवर चिखल होता, म्हणून मी चपला काढून हातात घेतल्या. फोन वाजला तो तेव्हा.

सोमवारी उडणारा माझा कनिष्ठ बोलत होता. आवाज उत्साही होता. "सर, रजेत त्रास देतोय, सॉरी. यंत्रणा उघडून बघितली, काही सापडत नाहीये. उड्डाण करावंच लागणार. मला फक्त एवढं सांगा, सैल कोणत्या बाजूला वाटली? म्हणजे मी त्याच बाजूला जास्त जोर देऊन बघतो."

तिथे मला थांबता आलं असतं. त्याने प्रश्न सरळ विचारला होता आणि उत्तर द्यायला माझ्याकडे अख्खा तलाव भरून वेळ होता. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला पुढचं खोटं शोधावं लागत नाही, ते जिभेवर तयार असतं.

"उजवीकडे," मी म्हणालो. "हो, उजवीकडे जास्त."

"उजवीकडे. ओके सर. थँक यू सर."

फोन खिशात ठेवला. बाबा चार पावलांवर पाठमोरे उभे होते. ते वळले.

"कोनासंग बोलून राहिला होता?"

"कामाचा फोन होता."

"खोटं बोलला तू."

मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "कान धरला तू बोलताना. डावा. लहानपनी ह्याच तलावातून मी तुले काढलो तवाबी असाच धरला होता. अन् म्हने पाय घसरला."

माझा हात तेव्हाही कानावरच होता. तो मी खाली घेतला. बेचाळीस वर्षांचा माणूस, छातीवर पदकं लावणारा, आणि बापाने दोन वाक्यांत उघडा पाडला. मला राग यायला हवा होता. पण घशाशी आलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"चक्कर आली होती बाबा, वर असताना. अन् मी नाही सांगतलो."

"मंग काय सांगतला?"

"विमानात खराबी आहे म्हनलो."

"अन् आता?"

"सोमवारी दुसरा पोरगा जाऊन राहिला, तीच खराबी शोधाले."

"नसलेली."

"हो."

"त्याचं काही झालं तर?"

बाबांनी पाळीवरचं एक ढेकूळ पायाने फोडलं. "अन् सांगतलं तर तुयं काय होते?"

"मंग अंतराळात जानं गेलं. ह्या वेळचं तर गेलंच. परत कोनी विचारन का नाही, तेबी सांगता नाही येत."

मला वाटलं बाबा म्हणतील, सांगून टाक. किंवा म्हणतील, राहू दे, तुयं नशीब उघडून राहिलं. दोन्हींपैकी काहीही ऐकायला मी तयार होतो. ते म्हणाले, "मले गावानं नाही काढलं."

मला कळेना ते कशाबद्दल बोलत आहेत.

"तिसरं भोक होतं. बंद कराचं होतं. मधात गाळ आला, दट्ट्या बसेच ना. दोनदा गेलो. तिसऱ्यांदा दमच नाही राहिला. वर आलो तं पाळीवर सारं गाव. कोनतं, म्हने. मी म्हनलो, तिसरं, बसला."

"नसताना?"

"नसताना."

"काहून पन?"

"लाज वाटली," ते म्हणाले. "बावीस वर्सं 'नाही बसला' म्हनलोच नव्हतो."

पुढचं त्यांनी तुटक सांगितलं. ते भोक तीन दिवस झिरपत राहिलं. ज्यांना सगळ्यांत शेवटी पाणी मिळायचं होतं, त्यांच्या बांध्या निसव्याच्या ऐन वेळी कोरड्या पडल्या. धान पोचट निघालं. पाणी गेलं कुठे, याचा शोध सुरू झाला. पाणकराने तर "बसला" म्हटलं होतं, म्हणजे तुडुम बंदच असणार, त्यावर कुणाला शंका घ्यायचं कारण नव्हतं. मग आळ आला पाटावरच्या राखणदारावर, की यानेच चोरून पाणी सोडलं. सभेत लोक त्याच्या अंगावर धावून गेले. त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन रडत उभी होती. तेव्हा बाबा उठले आणि म्हणाले, तिसरं, नाही बसला होता.

"गाव म्हने, होते चूक, राहा तुमीच. मीच दोर खाली ठेवलो. अन् त्यालेच कराले लावलो पानकर."

फलकाखाली बसून हात जोडणारा म्हातारा माझ्या डोळ्यांसमोर आला. पंचवीस वर्षं. दर सुट्टीत, दर दिवाळीत, मान वळवून.

"मले काहून नाही सांगतलं तुमी?" माझा आवाज चढला होता.

"तू मामाच्या इथी होता. तुया मायनं फोनवर काय सांगतलं, थे मले मागून समजलं. तुले गावाचा राग आला अन् तू पुस्तकाले असा भिडला का, मले वाटलं, राहू दे. राग कामी येऊन राहिला." मग म्हणाले, "तेबी खोटंच होतं, बाबू."

मला त्यांचा भयंकर संताप आला. माझा सगळा उभार ज्या पायावर होता तो त्यांनी पाळीवर उभ्याउभ्या काढून घेतला होता. मी त्यांना तिथेच सोडून चालू लागलो. पाळीच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी चाकापाशी तो म्हातारा बसला होता, गुडघ्यांभोवती हात घेऊन, पाण्याकडे बघत. या वेळी वळायला दुसरी वाट नव्हती.

"कवा आला गा?" त्याने विचारलं, जणू आम्ही रोज बोलतो.

"काल," मी म्हणालो. "काकाजी, काल आलो."

त्याने शेजारची जागा हाताने झाडली. मी तिथे बसलो, फोन काढला आणि कनिष्ठाला लावला.

"स्टिक सैल नव्हती," मी म्हणालो. "उजवीकडेही नाही, डावीकडेही नाही. विमान ठीक आहे. मला चक्कर आली होती."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सर, मी हे ऐकलं नाही. तुमचं मेडिकल दहा दिवसांवर आहे, ते होऊ द्या. सोमवारचं मी काहीतरी कारण काढून पुढे ढकलतो. नंतर सांगा ना सर. कुणाचंच काही बिघडत नाही."

तो मनापासून बोलत होता. आणि हिशेब त्याचा बरोबर होता: उड्डाण टळलं तर धोका कुणालाच नाही. बाबांशी बोलण्यापेक्षा हे जड गेलं. "मी येतोय," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. हो म्हणालो की नाही म्हणालो, हे त्याला कळलं नसेल. मलाही कळलं नव्हतं.

त्याच दुपारी निघालो. आईने विचारलं, कायले एवढी घाई? बाबा ओट्यावर होते, त्यांनी फक्त "जाजो बरोबर" म्हटलं. बसमध्ये, विमानतळावर, विमानात, मी तो हिशेब पुन्हा पुन्हा मांडत राहिलो. फक्त दहा दिवस. उड्डाण पुढे गेलंय. मी नंतर सांगणारच आहे. प्रत्येक वेळी हिशेब जुळत होता आणि प्रत्येक वेळी मला वहीचं पान उलटणारी ती मुलगी आठवत होती. दहा दिवस ती रोज यंत्रणा उघडणार होती, स्वतःच्या हातांवर संशय घेत. तो सभेत उभा केलेला राखणदार आणि ही, यांत मला काही फरक दिसेना.

सोमवारी सकाळी मी त्या खोलीत गेलो. उड्डाण तांत्रिक कारणाने पुढे ढकलल्याचं फळ्यावर लिहिलं होतं. कनिष्ठाने शब्द पाळला होता. लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. मला पाहून त्याने अगदी किंचित मान हलवली, नको अशा अर्थाने. प्रमुख अभियंत्यांनी विचारलं, रजा संपली इतक्यात? मी खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच सांगितलं, सर्दीपासून कानापर्यंत आणि कानापासून त्या एका वाक्यापर्यंत सगळं. शेवटी त्या मुलीकडे बघून म्हणालो, तुमची यंत्रणा चोख होती. तिने वही मिटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यात माझ्याबद्दल दया अजिबात नव्हती, राग होता. तो माझ्या वाट्याचाच होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. उडणं थांबलं, चौकशी झाली, ठपका बसला. अंतराळाची ती जागा दुसऱ्याला मिळाली, आणि ती मिळाल्याची बातमी मी कानाच्या डॉक्टरच्या दाराबाहेर बाकावर बसून वाचली. सव्वा वर्षाने कान निर्दोष ठरला, चूक सर्दीची आणि माझ्या आडमुठेपणाची. मग तुकडीत घेतलं, राखीव म्हणून. मी अजून वर गेलेलो नाही. जाईन की नाही, माहीत नाही. शाळेतल्या मुलांना हे सांगत नाही, कारण त्यांना रॉकेट हवं असतं. पण सरावाच्या यानातून बाहेर आल्यावर हेल्मेट काढायच्या आधी मी काय चुकलं ते मोठ्याने सांगतो. बरोबरची पोरं हसतात. हसू देत.

त्या सोमवारी खोलीतून बाहेर आलो आणि एका झाडाखाली उभं राहून घरी फोन लावला. वाटलं होतं आई उचलेल, पण बाबांनी उचलला, पहिल्याच घंटेला. ते फोन घेऊन बसले असणार. मी हॅलो म्हणालो नाही, त्यांनीही कसा आहेस विचारलं नाही.

"कोनतं?" त्यांनी विचारलं.

मला अजून श्वास लागलेला होता. "तिसरं," मी म्हणालो. "नाही बसला."

"तिसरं, नाही बसला!" बाबा ओरडले, पाळीवरून ओरडत तसे, पूर्ण छातीने. आणि त्यांच्या मागून, चुलीजवळून, आईचा आवाज तेच म्हणत पुढे गेला.